नळाला हलायला जागा

हिंगोलीत पाणी गोठत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-नऊ अंशांवर येतो, उत्तरेचं वारं सुटलं की आणखी खाली उतरतो, कयाधूच्या काठाला धुकं धरतं, पण नळात बर्फ व्हावा इतकी थंडी इथं पडत नाही. म्हणून इथले पाइप सुखात आहेत असं मात्र नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत मी नळफिटिंगची कामं केली, आणि त्यातली निम्मी कामं कुणीतरी आधी दुरुस्त केलेल्या जागीच पुन्हा करायची होती.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइपात त्याला फुगायला जागा नसते, म्हणून थंड मुलखात पाइप फुटतात. आमच्याकडं पाण्याऐवजी जमीन फुगते आणि पाइप उन्हानं लांबतो. जागा नसण्याचं दुखणं दोन्हीकडं सारखंच. पुढं लिहिलेलं सगळं त्या जागेबद्दलच आहे.

१. मेन व्हॉल कुठं आहे ते पाणी वाहत नसताना बघून ठेवावं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यावर बर्फाचं वादळ आलं. एरवी तिथला उन्हाळा आपल्यासारखाच कडक, त्यामुळं पुष्कळ घरांतले पाइप छताच्या पोकळीतून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले. वीज गेली, घरं गार पडली, पाइप गोठले आणि फुटले. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींची मुलगी डॅलसजवळ राहते. गुरुजींनी सकाळी चहाच्या वेळी मला बोलावून घेतलं. "ये बाबा लवकर, ताईच्या घरात छतातून पाणी पडायलंय," म्हणाले आणि मोबाइल हातात दिला. तिकडं रात्र होती. मी विचारलं, "ताई, मेन व्हॉल कुठं आहे?" ती म्हणाली, "भाऊ, तेच तर शोधायलोत." शेवटी जावईबापूंनी टॉर्च घेऊन अंगणातला बर्फ उकरला, रस्त्याकडेला मीटरच्या पेटीचं झाकण सापडलं आणि पान्ह्यानं व्हॉल बंद झाला. मग खालचे सगळे नळ उघडायला सांगितले, म्हणजे पाइपात उरलेलं पाणी छताऐवजी मोरीतून जाईल. वीज येऊन-जाऊन होती. ती आली तरी भिजलेल्या छताखालचा बोर्ड चालू करू नका, एवढं बजावलं.

त्यांच्याकडचं नंतर समजलं ते असं, की बर्फ एका जागी धरतो आणि पाइप बहुतेक वेळा दुसऱ्याच जागी फुटतो. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं, त्यावर दाब चढत जातो. म्हणून तिथले लोक थंडीच्या रात्री नळ थेंब-थेंब चालू ठेवतात. पाइप गोठलाच, तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूनं केस वाळवायच्या मशिननं हळूहळू ऊब देत मागं जायचं. पेटता टेंभा किंवा गॅसची ज्योत लावायची नाही.

व्हॉलचा प्रश्न इथं विचारला तरी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. कुणाचा व्हॉल नव्या फरशीखाली गेलेला असतो, कुणाचा हौदाच्या मागं. गेट व्हॉल वर्षानुवर्षं फिरवला नाही तर क्षार धरून जाम होतो आणि नेमका त्या दिवशी त्याची दांडी हातात येते. दिवाळीला आणि पाडव्याला एकेकदा बंद करून उघडावा. नवा बसवायचा असेल तर पितळी बॉल व्हॉल बसवावा.

२. पाणी जिथं दिसतं तिथंच पाइप फुटलेला असेल असं नाही, आणि जिथं फुटला तिथंच कारण असेल असंही नाही.

आपली जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. तो झिजून जी काळी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकण घटक असतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. कापूस-सोयाबीनवाल्याला ती हवीहवीशी, पण घर बांधणारा मुरूम लागेपर्यंत पाया खणतो तो तिच्याच भीतीनं. नळाचं मात्र कुणी एवढं मनावर घेत नाही. टिकावानं वीतभर चर मारली, पाइप ठेवला, तीच ढेकळं वर लोटली, झालं काम.

मे महिन्यात त्या मातीला भेगा पडतात. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा मी घराच्या अंगणात पाहिल्या आहेत. मृगाचे दोन मोठे पाऊस झाले की माती फुगून वर येते. घर मुरमावर उभं, ते हलत नाही. पाइपाचं एक टोक त्या न हलणाऱ्या भिंतीत आणि बाकीचं अंग वर-खाली होणाऱ्या मातीत. मग तो भिंतीपासून हातभर अंतरावर तुटतो, किंवा तिथला एल्बो चिरतो. जून सरता-सरता मला येणारे बरेचसे फोन याच हातभर जागेचे असतात.

अशा ठिकाणी सॉकेट टाकून चीर बुजवली तर पुढच्या जूनपर्यंतची सोय होते. ते काम मीही करतो, कारण गिऱ्हाइकाचा खिसा गिऱ्हाइकालाच माहीत. पण खरी दुरुस्ती मातीची आहे. चर अडीच-तीन फूट खोल घ्यायची. तळाशी चार बोटं बारीक मुरूम किंवा वाळू टाकायची, पाइपाच्या वर आणि दोन्ही अंगांनाही तेच भरायचं आणि काळी माती त्याच्याही वर ठेवायची. रस्त्यावरच्या लाइनपासून घरापर्यंत कडक पीव्हीसीऐवजी काळा किंवा निळा एचडीपीईचा नळ घ्यायचा आणि तो चरीत ताणून न ठेवता थोडा नागमोडी सोडायचा. माती हलली की तो त्या वळणातून जागा काढून घेतो.

सांडपाण्याच्या जाड पाइपाचं दुखणं आणखी वाईट, कारण तिकडं गळती दिसत नाही. विटांचा चेंबर एकीकडं कलतो, भिंत जागेवर राहते आणि मधला पाइप चिरतो. तिथं भिंतीच्या बाहेर आणि चेंबरच्या अलीकडं पाइपाचा दोन फुटी तुकडा टाकून त्याच्या दोन्ही टोकांना रबर रिंगचा जॉइंट द्यावा. रिंगचा जॉइंट थोडा वाकतो, सोल्यूशननं चिकटवलेला वाकत नाही.

एक खूण सांगून ठेवतो. घराच्या एकाच बाजूचं दार चौकटीत अडायला लागलं, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली आणि त्या बाजूची माती उन्हाळ्यातही ओली लागत असेल, तर सुताराला बोलवायच्या आधी नळ तपासावा. गळक्या पाण्यानं तेवढीच जमीन फुगलेली असते. दार तासून काही होत नाही, पुढच्या उन्हाळ्यात माती आकसली की त्याच दाराला फट पडते.

३. भिंतीतून पाइप नेताना तो सिमेंटमध्ये गच्च बसवू नये.

गवंड्याला भोक बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच्याशी मी पुष्कळ वाद घातले. एक इंची पाइप असेल तर दोन इंची पाइपाचा तुकडा भिंतीत बसवावा, आपला नळ त्यातून मोकळा न्यावा आणि मधली फट मऊ सिलिकॉननं भरावी. पाल-उंदीर येत नाहीत आणि नळही जखडत नाही.

४. स्लॅबवरचा पाइप दररोज लांब होतो आणि दररोज आखूड होतो.

पीव्हीसीचा एक मीटर पाइप एका अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण मे महिन्यात पहाटे २५ अंशांवर असलेला रिकामा पाइप दुपारी सहज ६० अंशांपर्यंत तापतो. बारा मीटरची लाइन असली तर वाढ जवळजवळ तीन सेंटिमीटर होते. लोखंडाचा पाइप याच्या सहाव्या हिश्शाइतकाच वाढतो, त्यामुळं लोखंडावर हात बसलेले जुने फिटर प्लास्टिकलाही तसंच जखडतात. दोन्ही टोकं भिंतीला, मध्ये दर तीन फुटांवर क्लॅम्प, तोही स्क्रू पिळून पिळून. तीन सेंटिमीटर मग टाकीच्या निप्पलमधून किंवा एल्बोतून बाहेर निघतात.

उपाय दोन. सरळ लांब लाइन असेल तिथं मध्ये चार एल्बो टाकून एक चौकोनी वळसा द्यावा, म्हणजे वाढ त्या वळशात जिरते. आणि क्लॅम्प असा बसवावा की पाइप त्यातून सरकेल, पण लोंबणार नाही.

औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि आत हवासुद्धा ठेवायची नाही. माणसं विचारतात, तिथं त्या लहरी कशा सापडणार? माझ्या मनात पहिला प्रश्न आला की एवढी नळी उन्हाळ्यात वाढली तर जाईल कुठं. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांच्या नळ्यांत ठरावीक अंतरांवर भात्यासारखे लवचिक सांधे घातलेले आहेत. म्हणजे त्यांचा फिटर आणि मी एकाच पंथातले.

उन्हाचा दुसरा मार रंगावरून कळतो. पाइपावर बोट फिरवलं आणि पांढरी भुकटी लागली की वरचा थर मेलेला असतो. असा पाइप पाणी नेत राहतो, पण कुणी पापडाचा पाट ठेवला, माकडानं उडी मारली की काचेवाणी तडकतो. नवीन असतानाच त्याला पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. थिनरचा ऑइलपेंट देऊ नये, थिनर प्लास्टिकला खातो. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपाच्या बाबतीत तर अजिबात नाही.

५. सोल्यूशन म्हणजे डिंक नव्हे.

ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. म्हणून पीव्हीसीचं सोल्यूशन सीपीव्हीसीला चालत नाही, दोन्हींचं वेगळं घ्यावं लागतं. पाइप काटकोनात कापावा, कापल्याचे तुरे कानशीनं काढावेत, टोक कोरडं पुसावं, पाइपाला बाहेरून आणि सॉकेटला आतून लावावं, पाव वळसा देत आत सारावं आणि निदान तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवावं. सॉकेट आत निमुळतं असतं, हात सोडला की पाइप मागं सरकतो. एप्रिल-मेच्या दुपारी सोल्यूशन ब्रशवरच वाळतं, तेव्हा हे काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावं. थंडीत उलट, धरायलाही जास्त वेळ आणि पाणी सोडायलाही. डबीतलं घट्ट झालं की फेकून द्यावं. त्यात थिनर ओतून पातळ करणाऱ्याला काम देऊ नये.

६. थंडीत इथं पाइप गरम पाण्यानं जातो.

हिवाळा सुरू झाला की गिझर चालू होतात आणि माझा दुसरा हंगाम सुरू होतो. साधा पीव्हीसी गरम पाण्याला नाही, तो मऊ पडतो, लोंबतो आणि जॉइंटमधून सुटतो. गरम लाइनला सीपीव्हीसीच हवा. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की गिझरमध्ये पाणी तापताना फुगतं आणि मागं गार लाइनमध्ये शिरतं. तिकडं पीव्हीसी असेल तर गिझरच्या अलीकडचा तुकडाच आधी जातो. म्हणून गिझरच्या दोन्ही बाजूंना तीन-चार फूट सीपीव्हीसी ठेवावा. आणि गार बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं न जाऊ देणारा व्हॉल, बसवला असेल, तर गिझरचा सेफ्टी व्हॉल चालू आहे ना ते बघावं, कारण आता त्या फुगलेल्या पाण्याला दुसरी वाट नाही. सेफ्टी व्हॉल टपकतो म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारलेली घरं मी पाहिली आहेत. तिथं मी दुसरं कुठलंही काम आधी हाती घेत नाही.

थंडीचा आणखी एक गुण असा, की गार पडलेला पीव्हीसी ठिसूळ होतो. शेतातली लाइन पहाटे फुटते ती त्यामुळं. रात्रीची लाइट आली, मोटार एकदम सुरू झाली, पाण्याचा लोंढा मोकळ्या पाइपातून धावत जाऊन बंद व्हॉलवर आदळला की उन्हानं मेलेला आणि थंडीनं कडक झालेला पाइप लांबच्या लांब चिरतो. व्हॉल आधी उघडून मोटार लावावी आणि लाइनच्या उंच जागी हवा निघायला एअर व्हॉल द्यावा.

७. जुन्या लोखंडी नळाला एका जागी हात लावला की तो चार जागी गळतो.

जीआयच्या पाइपावर पिवळा, निळा आणि तांबडा पट्टा असतो. पिवळा हलका, निळा मध्यम, तांबडा जाड. स्वस्ताईत बसवलेला पिवळा आमच्या बोअरच्या क्षारी पाण्यात आतून बुजतो आणि आट्यांपाशी सडतो. त्याला पाइप पाना लावून पिळलं की पलीकडचा आटा तुटतो. म्हणून असलं काम घेताना मी पूर्ण लाइन बदलायचाच भाव सांगतो आणि पटलं नाही तर चहा पिऊन निघतो. पिण्याच्या लाइनवर जुन्या पद्धतीची सुतळी-सफेदा वापरू नये. सफेद्यात पूर्वी शिसं असायचं, टेफ्लॉन टेप पुरते. आणि लोखंडी आटा प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये पिळू नये, सॉकेट आज नाही तर महिन्यानं चिरतं. तिथं आतून पितळी आटे असलेलं फिटिंग घ्यावं.

८. भूकंपाच्या नावावर सगळं खपवू नये.

वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपास जमिनीतून आवाज येतात हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरचा धक्का बसला, मागोमाग ३.६ चा. १० जुलै २०२४ ला सव्वासातला पुन्हा ४.५ चा, केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. त्यानंतर "भूकंपानं नळ फुटला" म्हणून बोलावणी आली. जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी चिरेवर जुना क्षार बसलेला, म्हणजे गळती कितीतरी आधीची.

खरं नुकसान दिसलं ते टाकीपाशी. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ती विटांच्या ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली असते आणि तिच्या बुडातून कडक पाइप सरळ खाली उतरवलेला असतो. टाकी बोटभर सरकली तरी निप्पल मोडतं. टाकीखाली सपाट, सलग ओटा करावा आणि टाकीचं निप्पल आणि पाइप यांच्यामध्ये दोन फूट जाळीदार लवचिक नळी घालावी.

९. नळाला पाणी नसतं तेव्हा फुटका पाइप जास्त घातक.

हिंगोलीला सिद्धेश्वर धरणाचं पाणी येतं, पण चोवीस तास नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होताना आत हवा ओढते. नळ उघडून कान लावला तर सूं आवाज येतो. त्याच वेळी फुटक्या जागेतून भोवतीचं पाणी आत ओढलं जातं, आणि भोवती गटार असेल तर गटाराचं. पाण्याच्या पहिल्या धारेला वास येणं, तिचा रंग मातकट असणं ही त्याची खूण. ज्यांनी नळाला थेट मोटार लावली आहे ते तर हे काम जोरात करतात, स्वतःसाठी आणि शेजाऱ्यासाठीही. ते बेकायदा आहे हे त्यांना माहीत असतं. जमिनीत हौद करावा, पाणी त्यात पडू द्यावं आणि मोटार हौदावर लावावी. पिण्याची लाइन आणि गटाराची लाइन एका चरीत कधीही टाकू नये. जागाच नसेल तर पिण्याची वर, गटाराची खाली.

१०. पाणी सोडून रात्र जाऊ द्यावी, मग चर बुजवावी.

गिऱ्हाइकाला घाई असते, त्याच्या घरच्यांना त्याहून जास्त. अंगणात खड्डा, पाहुणे यायचेत, शेजारच्या अक्का पाय अडखळून पडता-पडता वाचलेल्या. तरी मी चर उघडी ठेवतो. टाकी भरायची, सगळे नळ बंद करायचे, प्रत्येक जॉइंटभोवती कोरडा कागद गुंडाळायचा आणि सकाळी येऊन बघायचं. ओला कागद खोटं बोलत नाही, मीटर असेल तर त्याचा काटाही नाही. काही घरी सायंकाळीच माती लोटून ठेवतात आणि मला सकाळी सांगतात, "काही गळलं नाही भाऊ." अशा वेळी मी फावडं मागतो.

बुजवण्याआधी टेप धरून फोटो काढावा, भिंतीपासून किती इंच आणि किती खोल ते वाचता येईल असा. भिंतीतल्या लाइनचाही प्लास्टरच्या आधी काढावा. फोटो गिऱ्हाइकाला पाठवतो आणि माझ्याकडंही ठेवतो, कारण गिऱ्हाइकाचा मोबाइल बदलतो. मग कुणी आरसा किंवा पंखा लावायला ड्रिल घेऊन उभं राहिलं की मलाच फोन येतो, "कुठून गेलाय हो पाइप?" त्या फोनचे पैसे मी घेत नाही. फोन न करता भोक पाडलं, तर मग घेतो.